तारमास्तरांचा सातवा टप्पा

मंगळवारी गेला तो. चौथ्या टप्प्यानंतरच्या मंगळवारी — म्हणजे आज एकोणीस दिवस झाले. बसा ना, असे दारात उभे राहू नका, ते खोकं ठेवा खाली — पाव आहेत, तुमच्या भट्टीतले? बरं, ठेवा. नाही हो, रागावला नव्हता तो. तुमच्यावर तर नाहीच. तुम्ही सहा तास बसमध्ये बसून त्याची माफी मागायला आलात आणि मी दार उघडून हे सांगतेय — पण कसं सांगतात ते मला तरी कुठं येतंय? साधा मंगळवार होता. मी छापखान्यात प्रुफं वाचते. मी मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि समोरच्या बाईंनी मूळ कागदावर बोट ठेवून बघायचं. त्या दिवशी गोळ्यांच्या खोक्यात घालतात तो कागद होता — दिवसातून दोन वेळा, स्वल्पविराम, जेवणानंतर, पूर्णविराम — आणि मालक येऊन शेजारी उभे राहिले. मी बोट वर केलं. थांबा म्हणून. परिच्छेद अर्धा सोडला की पहिल्यापासून वाचावा लागतो ना. आणि ते थांबले बिचारे. सगळा परिच्छेद संपेपर्यंत थांबले, हातात फोन धरून. मग म्हणाले, ताई, धाकट्या भावाच्या कंपनीतून आहे.

लिफ्ट त्यानंच बंद केलेली होती, दुरुस्तीसाठी, पाटी लावून. म्हणून जिन्यानं निघाला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बसला. माणसं बाजूनं गेली — कारागीर माणूस, हत्यारांची पिशवी मांडीवर, दम खात असेल. मीसुद्धा गेले असते बाजूनं. एकोणपन्नासावं चालू होतं त्याला.

एक मिनिट. ऐकू येतंय ना? तुमचा कॅप्टन. हेडफोन आतल्या टेबलावर आहे तरी इथवर येतोय आवाज — आयुष्यभर बस चालवलेला माणूस, मागच्या सीटवरच्याला ऐकू जाईल असंच बोलणार. ‘प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.’ घेतील. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आणून ठेवलंय मी, दुपारी दीडपासून बसलेय तिथं. छापखान्यात सांगितलं तर हसतात — कॉम्प्युटरवरचं विमान, घरात बसून उडवायचं, आणि त्याची म्हणे रॅली, सात रविवारचे सात टप्पे! हसू देत. चार ते सव्वाचार, तेवढ्यात चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत, नाहीतर टप्पा बाद, आणि शेवटचा टप्पा बाद म्हणजे तुम्ही तिघंही बाद. तुम्हाला काय सांगायचं, मागच्या रविवारचा टप्पा तुम्हीच तर आणून दिलात. आजचा त्याचा. त्याच्या नावावर लावलेला. आता चारला चार कमी आहेत. दिसतंय मला घड्याळ इथून, तुम्ही नका सारखे बघू.

मग गेले दोन रविवार तुमच्या शेजारी कोण उडत होतं — विचारा की. तोंडावर आहे ते तुमच्या. मी. दुसरं कोण असणार? नऊ वर्षं त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलेय मी. त्याला जवळचं वाचायला एक चष्मा लागायचा नि पडदा बघायला दुसरा, म्हणून यादी मी वाचायची, बटणं त्यानं दाबायची. इंधन — दाबलं. दिवे — दाबले. आणि खरं सांगायचं तर — माईक बिघडलेला नव्हता हो त्याचा. नऊ वर्षं कुणाचा माईक बिघडलेला राहतो का? अडखळायचा तो. लहानपणापासून. पहिलं अक्षर घशात अडकलं की अडकलं. म्हणून टाइप करायचा, ते पण एकेक शब्द — हजर, ठीक, उतरलो — आणि तुम्ही तारमास्तर नाव ठेवलंत. आवडायचं त्याला. मला येऊन दाखवलं होतं, हे बघ, हुद्दा मिळाला.

नाही, मी सांगायलाच बसले होते. पाचव्या टप्प्याच्या रविवारी. माणसं येऊन-जाऊन संपली होती, कॉम्प्युटर चालू केला, म्हटलं दोन ओळी लिहाव्यात आणि बंद करून टाकावं. लिहिलं — कळवण्यास अत्यंत दुःख होते की. आता प्रुफं वाचणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्य कधी पसंत पडतं का? अत्यंत खोडलं. मग कळवण्यास खोडलं. मग सगळंच खोडलं, आणि तेवढ्यात कॅप्टन — तारमास्तर, हजर? आणि मी लिहिलं, हजर. एवढंच. विचार करून नाही हो. शाळेत हजेरीला त्याचं नाव आलं की मीच ओरडायचे, वर्ग वेगळा असला तरी मधल्या दारातून, कारण त्याचा ह अडकायचा आणि मास्तर गैरहजेरी मांडायचे. तसंच निघून गेलं हातून.

आणि मग काय, लिहिलं म्हटल्यावर उडणं आलं. बटणं तोंडपाठ, पण हात कुठं शिकलेत? यादीत लिहिलंय, दांडा हळू मागे ओढा. हळू म्हणजे किती? दूध उतू जाताना गॅस कमी करतो तेवढं, का झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतो तेवढं? माझे तळवे ओले, दांडा निसटतोय, विमान धावपट्टी सोडून गवतात निघालेलं, आणि पुढं तुमचे दोघांचे दिवे लहान लहान होत चाललेले. त्या दिवशी पाळी कॅप्टनची होती, मी नुसती सोबतीला, मी कोसळले असते तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं — पण मला तसं वाटतच नव्हतं. मला वाटत होतं हे खाली पडलं की संपलं. वर आलं कसंबसं. दीड तास मी पाणीसुद्धा प्यायले नाही. आणि उतरताना ते दणकन आदळलं — कॉम्प्युटर आकडा दाखवतो ना, किती जोरात टेकलात — त्याचा कधी दीडशेच्या वर जायचा नाही, माझा सहाशे चाळीस! आणि तुम्ही काय लिहिलंत आठवतंय? ‘मास्तर, आज लिफ्ट तुटली का?’ हसले मी. मंगळवारनंतर पहिल्यांदा हसले, चांगलं मोठ्यानं. मग आत जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडा वेळ.

अहो असू दे. तुम्हाला काय माहीत. डोळे पुसा.

पण मग काहीतरी बिनसलंय हे ओळखलंत कशावरून? आदळण्यावरून तर नाही — दिव्यांवरून? कसले दिवे? — थांबा, पुन्हा सांगा. धावपट्टीवर उभा राहिला की पुढचे दिवे दोनदा लावून विझवायचा? तुमच्यासाठी? दर वेळी? … मला वाटायचं ते बटण चिकटतंय. खरंच सांगते. मी शेजारी बसून बघायचे, बोट दोनदा खालीवर व्हायचं, आणि मी मनात म्हणायचे, ह्याला एकदा ते बटण बदलून आणायला सांगितलं पाहिजे. आम्ही आतून बघतो ना, आतून नुसतं बटण दिसतं, बाहेर काय उजळतं ते कुठं कळतंय. आणि यादीत नाही ते. यादीत असतं तर मी वाचलं असतं. दोन रविवार दिवे लुकलुकले नाहीत म्हणून तुम्हाला वाटलं मास्तर रुसले. म्हणजे तेवढंच तो तुमच्याशी बोलायचा, आणि तेवढंच मी — असो.

चार वाजून तीन. हो, कळतंय. काय म्हणताय? बदली खेळाडू. माहितीये मला, तो नियम मीच त्याला वाचून दाखवलाय, कलम अकरा. कॅप्टनला सांगायचं, तो आयोजकांना सांगेल, ते माणसंच आहेत, नाही म्हणणार नाहीत. पण बदली आला की नाव बदलतं, भट्टीसाहेब. पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत मग माझं नाव लागतं. मला काय करायचंय तिथं जाऊन? नऊ वर्षं, नऊ रॅल्या, एक पुरी झालेली नाही त्याची. पहिल्या वर्षी वीज गेली. मग कॉम्प्युटर जळाला. दोनदा ड्यूटी लागली रविवारची. मागच्या वर्षी तर शेवटच्या टप्प्यात, वीस मिनिटं राहिलेली, आणि फोन आला, लिफ्टमध्ये एक बाई अडकल्यात. विमान तसंच हवेत सोडून उठला. मी म्हटलं, अरे वीस मिनिटं, त्या काय पळून जातायत? तर माझ्याकडे असं बघितलं त्यानं. दिवसभर वर-खाली करतो, ताई, रविवारी तेवढं आडवं जाऊ दे, असं म्हणायचा — म्हणजे म्हणायला घ्यायचा, आणि पुरं मी करायचे. सवय हो. त्याचं वाक्य अडकलं की मी पुरं करायचं. आईपण करायची. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे. सोपं पडायचं त्याला.

नका. ते ‘झोपलात का मास्तर’चं पुन्हा काढू नका. विनवून सांगते. लिहिलंत तर लिहिलंत. चौथ्या टप्प्याला त्याचं वळण चुकलं, अकरा मिनिटं वाया गेली, कुणीही चिडलं असतं. मीही चिडले होते. कॅप्टन नुसता हूं म्हणाला ते जास्त वाईट होतं. तुमच्या त्या वाक्यानं काही झालेलं नाही त्याला, समजलं का? तुम्ही तिथं नव्हतात. मी होते. स्टुलावर. हातभर अंतरावर. वळण आलं आणि तो दांडा धरून नुसता बसला होता, आणि डाव्या हाताला उजव्या हातानं असं दाबत होता, इथं, कोपराच्या वर. मी बघितलं. बघितलं नाही असं नाही. मला वाटलं, गोळा आला असेल, आदल्या दिवशी मोटर उचलली होती त्यानं. मग तो माझ्याकडे वळला. खेळ चालू असताना कधी वळायचा नाही. तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडकलं, नेहमीसारखं, ओठ हलतायत, आवाज नाही — आणि मी पुरं केलं. हो हो, म्हटलं, वळायचं राहिलं, वळ आता उजवीकडे, पुढचं वाचते. आणि वाचलं पुढचं. उंची, स्वल्पविराम, वेग. त्यानं मान हलवली. मान हलवायचाच तो. मी काहीही पुरं केलं तरी हलवायचा, अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही नाही, ते नव्हतं म्हणायचं, असं म्हणाला नाही. आणि वळला उजवीकडे. तुमचं आलं त्यावर, झोपलात का. त्यानं टाइप केलं, ठीक.

रविवार होता तो. मग सोमवार गेला मधे. सोमवारी कामाला गेला, आला, जेवला. अख्खा सोमवार होता मला विचारायला.

हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. तुम्हाला तरी का सांगितलं कोण जाणे. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही तक्रार होती का. मी म्हटलं, नाही.

किती वाजले? बघू नका, मी बघते. नऊ मिनिटं. सहा आहेत अजून. हाक मारतोय तो — तारमास्तर, दरवाजे लावले का, गाडी सोडू का? गरीब माणूस. तुम्ही गप्प बसा, तुम्ही इथं आहात हे त्याला माहीत नाही ना? मग झालं. मी सांगते तसं करा. मी आत जाते, बसते, पावणेदोन तासांचं अंतर आहे, वारा नाही, दोन रविवारांत हात बसलाय थोडा, नेते मी. लागेल त्याचं नाव. तुम्ही कुणाला बोललात नाहीत तर लागेल. बोलणार आहात? … नाही ना. बघा, मान हलवलीत. माझ्या तोंडून यायचा अवकाश, तुम्हीही मान हलवलीत. तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का? नाही, आता नका म्हणू.

उठते मी. उठतेय.

नाही — तुम्ही येऊ नका आत. स्टुलावर तर नकोच. यादी नकोय कुणी वाचायला. मला एक सांगा — नाही, सांगूही नका. आयुष्यभर त्याचं अर्ध्यावर आलेलं सगळं मी पुरं करत आले. हेही मीच करायचं? त्याच्या नावानं? राहू दे त्याचं ते अर्धं.

तुम्ही निघा आता. खरंच निघा. पाचची बस आहे परतीची, ती गेली की मग सकाळपर्यंत नाही. कोपऱ्यावर डावीकडे वळा, टायरच्या दुकानासमोर थांबते. पाव न्या बरोबर, एकटीला एवढे संपायचे नाहीत — बरं, दोन ठेवा. आणि दार ओढून घ्या, कडी आतून बसत नाही नीट, जोरात ओढा. कॅप्टनला मी सांगीन. सांगीन म्हटलं ना. सगळंच सांगीन, तुमचं नाव न घेता. जा.

अजून उभेच? ऐका, त्यानंही हाका मारायच्या थांबवल्या. सव्वाचार झाले. सातवा टप्पा उडवायचा राहिला.