बाणाचा ण

(नगरमधला एक मराठी टायपिंगचा वर्ग, १९९८ची उन्हाळ्याची सुट्टी. एका भिंतीला जुना कॉम्प्युटर, समोरच्या भिंतीला नवा.)

प्रज्ञा : ती वायर काढू नकोस फैयाज. प्रशांत सरांचे पाठ नव्यावर नीट आलेले नाहीत.

फैयाज : असं कसं मॅडम? सकाळीच सगळे नेले मी. जुन्यावरनं फ्लॉपीत, फ्लॉपीतनं नव्यात. एक पन मागं राहिला नाही.

प्रज्ञा : आले सगळे. पण ण कुठं आहे? हे वाच. 'पानी', 'लोनी', 'कोन'. अख्ख्या कोर्समधला ण गेलाय आणि त्याच्या जागी न येऊन बसलाय.

फैयाज : मग बरोबर दिसतंय की. पानी.

प्रज्ञा : तुला बरोबर दिसणारच.

फैयाज : थांबा, आता डोक्यात आलं. जुन्या अक्षराच्या जागी नवं कुठलं, हे आधी मशीनला सांगावं लागतं. तुमी रजेवर. ऑफिसातले कानिफनाथ बोलत गेले, मी भरत गेलो. ते म्हनले ट ठ ड ढ न. मग म्हनले त थ द ध न. मला वाटलं, म्हातारबा चुकून दोनदा बोलले. दोघांना एकच न दिला.

प्रज्ञा : त्यांच्या तोंडात दोन्ही सारखेच रे.

फैयाज : आनि माझ्या कानात.

प्रज्ञा : मग आता नीट सांग त्याला, आणि पुन्हा फिरव.

फैयाज : फिरवायची डिस्क आमच्या कंपनीचे साहेब घेऊन गेले संगमनेरला. तिथं पन हेच काम आहे. आनि हा जुना बदल्यात द्यायचाय, टेम्पो येतोच आहे. तुमचे मोठे सर सांगून गेलेत, पाठ बिघडले तर कंपनीचे तयार पाठ टाक.

प्रज्ञा : आणि सरांचे?

फैयाज : पुसायचे. माझ्याकडं असं बघू नका मॅडम, मी नोकर मानूस.

रंभाजी : पोरी, प्रशांत मास्तरचा वर्ग ह्योच का?

प्रज्ञा : हो काका, या. पण सर... सर गेले श्रावणात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

रंभाजी : म्हाईत हाय. खांदा दिला म्या. बाप हाय मी त्याचा, रंभाजी रनपिसे.

प्रज्ञा : अगबाई. बसा ना. फैयाज, ती खुर्ची दे. मी प्रज्ञा. सरांच्याच हाताखाली शिकले, आता वर्ग मी बघते.

रंभाजी : सूनबाई म्हनली, त्येंचं कॉम्प्युटर आज जायचंय. म्हनलं, जायच्या आदी येकदा बघून यावं. समदं आयुष्य नागापुरात भट्टीवर गेलं. हितनं किती लांब, सायकलीच्या वाटंवर. पन पाय कदी लागला न्हाई हितं.

प्रज्ञा : तो बघा, तोच सरांचा. काका, तुम्हाला वाचता येतं?

रंभाजी : जुळवून जुळवून येतं. का गं?

प्रज्ञा : सरांचे शेवटचे पाठ चुकलेत नव्यावर. ण आणि न एक झालेत. मी इकडं दुरुस्त करते, पण बरोबर काय ते फक्त त्या जुन्या पडद्यावर आहे. तुम्ही तिकडं बसून मला सांगाल?

फैयाज : अंदाजानं करा ना मॅडम. पानी म्हनजे पानीच असनार.

प्रज्ञा : पाणी कळेल रे. हे बघ, 'नन नन ननन'. सरांनी बोटांना वळण म्हणून लिहिलंय, यातला ण कुठला? आणि हे, 'मन मन, तन तन, खान खान'. एक मन काळजातलं, एक मण धान्याचा. कसं ओळखू?

फैयाज : खान खान? आमचा काय संबंध?

प्रज्ञा : एक खाण कोळशाची. दुसरा तू.

रंभाजी : पोरी, मला नगं सांगू हे काम. मला त्यो न म्हनताच येत न्हाई. दोनी येकच निगतात तोंडातनं.

प्रज्ञा : म्हणू नका. डोळ्यांना वेगळे दिसतात का?

रंभाजी : दिसतात की. ह्यो नळाचा. आन् ह्यो बानाचा, लहानपनी तक्त्यावर बान हुता त्यो.

प्रज्ञा : मग झालं तर. नळाचा की बाणाचा, एवढंच सांगा. फैयाज, टेम्पो आला तर जरा थांबव.

फैयाज : बघतो. तोवर बाकीचे खोके बांधतो.

रंभाजी : पैली वळ. नळाचा. बानाचा. नळाचा, बानाचा. बानाचा, बानाचा, नळाचा.

प्रज्ञा : सावकाश.

रंभाजी : म नळाचा. म बानाचा. त नळाचा. त... ह्यो बी नळाचाच.

प्रज्ञा : नीट बघा काका, तिथं तण हवं. शेतातलं.

रंभाजी : चष्मा घसरला हुता. बानाचा हाय. बरं झालं हटकलंस, न्हाईतर त्येनं हटकलं आसतं.

प्रज्ञा : मला तर किती हटकायचे. मी जेऊरची, मीही पानीच म्हणायचे. जिभेचं टोक वर टाळूला लाव, मग सोड, म्हणायचे. घरी जाताना वाटेनं तेच करत जायचे मी. बाया बघायच्या, हिला झालंय काय.

रंभाजी : आला तुला.

प्रज्ञा : आला.

रंभाजी : मलाबी सांगितलं हुतं त्येनं. सोयरीक बघाया पावनं आल्तं. म्या तांब्या म्होरं केला, म्हनलं, पानी घ्या. ह्यो समद्यांदेखत म्हनला, दादा, पानी न्हाई, पानी.

फैयाज : काय म्हनला?

रंभाजी : पानी न्हाई म्हन्ला. पानी म्हना.

प्रज्ञा : फैयाज, तू खोके बांध.

रंभाजी : पावनं हसलं. तसं वाईट न्हाई हसलं. पन म्या तवापास्नं मानसांत तोंड उगडलं न्हाई. कुनी आलं की उठून गोठ्याकडं.

प्रज्ञा : सर नंतर काही बोलले नाहीत?

रंभाजी : लग्नाच्या मांडवात आला. म्हनला, दादा, येक गानं व्हऊ द्या. म्या जलशात गायचो गं. पार शेवगाव-नेवाशापातूर बोलावनं यायचं. त्येला म्हनलं, माजं गानं अशुद्ध हाय बाबा, तुज्या शिकल्यासवरल्या मानसांत शोभायचं न्हाई. उबा ऱ्हायला जरा. मंग गेला.

प्रज्ञा : आणि मग?

रंभाजी : मंग काय. जेवला का, व्हय. जातो का, व्हय. काय पायजे का, न्हाई. येका घरात आमी दोन शब्दांवर संसार केला. आन् मंग ती कावीळ. म्हनलं बरा झाला की बोलू. म्होरची वळ घिऊ का?

प्रज्ञा : घ्या.

रंभाजी : ल नळा... न्हाई, बानाचा. क, बानाचा. संपला ह्यो पाठ.

फैयाज : मॅडम, टेम्पो आला बघा फाटकात. हॉर्न मारतोय.

प्रज्ञा : एकच पाठ राहिलाय. शेवटचा. काका, खालचा बाण दाखवलेलं बटण दाबा, पान सरकेल.

रंभाजी : ह्यात अक्षरं सुटी न्हाईत. वाक्यं हायेत.

प्रज्ञा : हो, तो सगळ्या पोरींना तोंडपाठ आहे. परीक्षेआधी हाच टाईप करून करून बोटं दुखतात. गाणं आहे एक.

रंभाजी : त-हा-न-ली... नळाचा. तहानली गं विहीर, तिला... पा, बानाचा. को, बानाचा. पाजी.

प्रज्ञा : 'तहानली गं विहीर, तिला पाणी कोण पाजी'. झालं. पुढं?

रंभाजी : शिवाराच्या...

प्रज्ञा : काका?

रंभाजी : शिवाराच्या...

प्रज्ञा : दिसत नाही का? मी येऊ तिकडं?

रंभाजी : दिसतंय. ही वळ माजी हाय.

प्रज्ञा : म्हणजे?

रंभाजी : म्या केली हुती. माजी माय पानवठ्याच्या कोपऱ्याला उबी ऱ्हायची, रिकामं मडकं घिऊन. कुनी वरनं वतंल म्हून. हिरीला हात लावायचा न्हाई. लोक म्हनायचं, पोरांनू, विहीर आटली, विहीर आटली. म्या म्हनायचो, आटली न्हाई, ती बी तहानलीया. आमच्या हातची. त्यावर जुळवली. 'शिवाराच्या कोन्या कोनी माय उबी हाय माजी.'

प्रज्ञा : सरांनी 'आहे माझी' लिहिलंय.

रंभाजी : लिवनारच. ल्हान आसताना खांद्यावर बसून यायचा जलशाला. माजं डोकं बडवून ताल धरायचा. मला वाटलं इसरला.

प्रज्ञा : आम्हाला वाटायचं, ण आणि न दोन्ही यावेत म्हणून सरांनीच जुळवलंय.

रंभाजी : व्हय, तसंच आसंल. अक्षरासाठीच घेतलं आसंल त्येनं.

प्रज्ञा : काका, मी काय म्हणते, हा एक पाठ राहू द्यायचा का असाच? नव्यावर तुमच्या बोलीतच आलाय. 'पानी कोन पाजी'. गाणं तुमचं आहे.

रंभाजी : नगं.

प्रज्ञा : कुणी विचारलं तर मी सांगेन मोठ्या सरांना.

रंभाजी : नगं पोरी. पोरी नापास व्हतील. गानं माजं हाय, पाठ त्येचा हाय. बानाचा घाल.

प्रज्ञा : बरं. सांगा.

रंभाजी : शिवाराच्या को, बानाचा. त्येला या जोडून.

प्रज्ञा : कोण्या.

रंभाजी : मंग को, नळाचा. माय उभी आहे माझी.

प्रज्ञा : 'आहे माझी' म्हणालात.

रंभाजी : लिवलंय तसं वाचलं.

प्रज्ञा : झालं. ठेवला. एकदा बंद करून पुन्हा उघडून बघते... आला. सगळा नीट आला, काका. आता नाही पुसता यायचे कुणाला. पुढं आहे का काही?

रंभाजी : म्होरं काय न्हाई. नुसती येक रेघ उघडझाप करतीया.

प्रज्ञा : तो कर्सर. जिथं लिहायचं थांबलं, तिथं तो असतो.

रंभाजी : मंजी ह्या जागंला थांबला त्यो.

प्रज्ञा : हो.

रंभाजी : वायर काडली की ती रेघबी जाती का?

प्रज्ञा : जाते काका.

फैयाज : मॅडम, तो टेम्पोवाला ओरडतोय. काढू का मी आता...

प्रज्ञा : फैयाज.

फैयाज : बसा काका, बसा. त्याला मी चहाला घेऊन जातो.