तानूआत्तीच्या चुलीवरचा चहा

मंडळी, भजनाआधी एक विचारतो, खरं सांगा. नियम कुणासाठी असतो? शेजाऱ्यासाठी — हो ना? हसू नका, मागच्या रांगेत जास्तच हसताहेत!

तर ऐका. एका उंच पठारावर रावजी माने नावाचा सरपंच होता. माणूस गुणी. पठारावर पवनचक्की यायची ठरली आणि जागा निघाली नेमकी रावजीच्या रानातली. घरबसल्या भाडं! चक्कीच्या आधी रावजीच गरगर फिरायला लागला.

पण कायदा म्हणतो, राहत्या घरापासून चक्की लांब हवी. का? तर रात्रंदिवस तिची घरघर, अंगणात पात्यांची सावली. आणि रावजीच्या बांधाला लागूनच तानूआत्तीचं खोपटं! एकटी म्हातारी, चार शेळ्या. पंचायतीत घराची नोंद नव्हती. रावजीने मनाला समजावलं — नोंद नाही, म्हणजे घर नाही. वा रे न्याय!

जिल्ह्याहून पाहणीला मॅडम आल्या. खोपट्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, तिथे कुणी राहतं का?

"छे, मॅडम. शेळ्यांचा गोठा हाय त्यो."

आता गंमत बघा. मॅडम चढण चढून आलेल्या, घसा कोरडा. पठाराची रीत काय? पाहुणा टेकला की जवळच्या चुलीवर चहा! रावजी वळला आणि सवयीने हाक मारून बसला — "आत्ती, दोन कप च्या टाक गं!"

आणि मंडळी, गोठ्यातून ओ आली! शेळीची नव्हे!

थोड्या वेळाने तानूआत्ती कप घेऊन आली. एक मॅडमना दिला, दुसरा रावजीपुढे धरला. "तुजा बिनसाकरंचा. डाक्टरनं सांगितलंय न्हवं?"

रावजीची मान खाली. आई गेल्यापासून रोज सकाळी तो इथेच चहा प्यायचा. जिने त्याची साखर लक्षात ठेवली, तिलाच त्याने पुसून टाकलं होतं. त्याला फार लाज वाटली.

मॅडमनी निवांत कप संपवला. मग विचारलं, "काय लिहू, सरपंच?"

"घर लिवा, मॅडम. माज्या आत्तीचं घर."

चक्की पलीकडच्या माळावर, दुसऱ्याच्या रानात गेली. तिथे ती झोकात फिरते. रावजीने पंचायतीत खोपट्याची नोंद केली आणि चहाला तो अजून तिथेच जातो.

म्हणून सांगतो, वीज येऊ द्या, विकास येऊ द्या, नको कोण म्हणतं? पण "इथे कुणी राहत नाही" असं लिहून देण्याआधी जरा आठवा, तिथला चहा आपण किती वेळा प्यालो. आठवलं? मग आता टाळ उचला, आणि देवाच्या नावाआधी मनात त्या माणसाचं नाव घ्या!