अंगणवाडीतल्या बाईची पोरगी

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. परवापासून माझं डोकं ठिकाणावर नाई.

माझी अशील सुनीता केळझरकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. नवऱ्यापासून वेगळी राहते, पण सासर त्याच गावात. नवऱ्याले घटस्फोटासोबत चार वर्षांची पोरगीही पाहिजे. परवा वर्धेच्या कोर्टात त्याचा वकील म्हणते कसा, "ही बाई दिवसभर घराबाहेर राहते. हिला लेकरू सांभाळता येत नाही."

मी म्हटलं, "अहो, अर्ध्या गावाची लेकरं हीच सांभाळते! पोरगीही तिथंच तिच्या डोळ्यापुढे असते."

बाहेर व्हरांड्यात सुनीताची जाऊ मलेच ऐकवते, "लोकाचं लेकरू सांभाळणं वेगळं असते, वकीलबाई."

काल सकाळी सुनीताचा फोन आला. "बाई, जाऊबाई आत्ताच आपल्या पोराले माझ्या अंगणवाडीत सोडून गेल्या."

"एवढं बोलून? काय म्हणाली?"

"म्हणे, मी लग्नाले चालली, यायले रात्र होईल. हा दुसऱ्या कोणापाशी राहत नाई. सुटी झाली का तूच घरी घेऊन जाजो."

"ठेवून घे त्याले," मी म्हटलं. "आपली पहिली साक्षीदार सापडली!"