मावशींची अर्धी राहिलेली वरात

आमच्या अँब्युलन्समधली गंमत सांगतो. औंढ्याच्या सखूमावशींना हार्ट अटॅक आला, तेव्हा पॅरामेडिक म्हणून मीच गाडीत होतो. त्यांचे डोळे सारखे मिटत होते. मी घाबरलो आणि त्यांना बोलतं ठेवलं, तर त्यांनी स्वतःच्या लग्नाची हकीकत सुरू केली.

मावशी वाचल्या. पुढे अँब्युलन्स सेवा कशी सुधारावी यावर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

बाईंनी विचारलं, "मावशी, आम्ही काय सुधारायला हवं?"

"गाडी जरा हळू चालवा."

"का, हादरे बसले?"

"न्हाई ओ. माजी वरात गावात शिरली, तवर तुमचा दवाखाना आला. पुडचं सांगायचं ऱ्हायलंच."

मग आम्ही तिथंच बसलो आणि वरात दारापर्यंत पोचवूनच उठलो.