सात नंबरची चौकी

मी, शर्यतीच्या ट्रॅकवरील सात नंबरच्या चौकीचे मयत प्रमुख यांची पत्नी, वय ५७, धंदा शिवणकाम आणि शर्यतीच्या दिवसांत त्याच चौकीवर वायरलेस सांभाळणे, राहणार ट्रॅकच्या मागच्या दरवाजासमोर, टायरच्या दुकानावरची खोली, ठाण्यात आपण होऊन हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

काल रविवारी सकाळी मी अंडी उकडत ठेवली होती आणि दोघांचे रेनकोट दोरीवरून काढत होते. शनिवारच्या पावसात भिजलेले कोट वाळले नव्हते. यांचा कोट मी इस्त्रीने आतून कोरडा केला. हे म्हणाले, "दाराबाहेर पाऊल टाकलं की भिजणारच आहे, कशाला खटाटोप?" मी म्हटलं, "दारापर्यंत तरी कोरडे जा." साडेसहाला निघालो.

ही शर्यत जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांची. आमच्या ट्रॅकवर वर्षातून एकदाच होते. शनिवारी पावसामुळे सराव दोनदा थांबवला. आमच्या वळणावर पाणी आडवं वाहतं, तिथे तीन गाड्या घसरून भिंतीला लागल्या. कोणाला इजा झाली नाही. रविवारी शर्यत उशिरा सुरू झाली आणि तीन वाजून वीस मिनिटांनी लाल झेंडा दाखवून थांबवली.

चौकीवर आम्ही तिघं असतो. हे प्रमुख, माझे धाकटे दीर झेंड्यावर, मी वायरलेसवर. मी शाळेत गेलेले नाही. यांच्या नियमांच्या पुस्तकावरून एकेक अक्षर लावत वाचायला शिकले, तेव्हा मला हे काम मिळालं. त्याला अठरा वर्षं झाली.

शर्यत पुन्हा सुरू करण्याआधी कंट्रोल, म्हणजे शर्यत चालवणारी मुख्य खोली, प्रत्येक चौकीला वायरलेसवर क्रमाने विचारतं. आपली माणसं ट्रॅकवरून कुंपणाच्या आत आली की चौकीने 'मोकळं' म्हणायचं. चौदाही चौक्यांनी म्हटल्यावर तपासणीची गाडी भरधाव एक फेरी मारते. गेल्या वर्षी मला उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा कंट्रोलवरून विचारलं होतं, "सात नंबर, डोळा लागला का बाई?" सगळ्या चौक्यांवर ते ऐकू गेलं. त्यानंतर हे कुंपणाकडे वळले की मी मोकळं म्हणून टाकत असे. हे चेष्टेने म्हणायचे, "माझ्या आधी तुझी जीभ आत पोचते." पण ते लगेच आत येत.

काल हे पाण्याच्या मोरीवरची जाळी साफ करायला ट्रॅकवर गेले होते. तशी परवानगी मीच वायरलेसवर मागितली होती आणि ती मिळाली होती. काम झाल्यावर ते कुंपणापाशी आले. त्यांनी झाडू भाऊजींच्या हातात दिला. तीन एक्केचाळीसला कंट्रोलने सात नंबर विचारलं. मी मोकळं म्हटलं. वहीत तसं लिहिलं. ते पान सोबत दिलं आहे, अक्षर माझं आहे.

तेवढ्यात यांना ट्रॅकवर गाडीचा एक तुटलेला काळा तुकडा दिसला. तो उचलायला ते परत गेले. भाऊजींनी शिट्टी मारली. वर हेलिकॉप्टर होतं, पाऊस होता, त्यांना ती ऐकू गेली नाही. मी वायरलेसचं बटण दाबून धरलं, पण पुढच्या चौक्या उत्तरं देत होत्या. एक जण बोलत असताना दुसऱ्याचं जात नाही. चौदा नंबरचं झाल्यावर मी म्हटलं, "सात नंबर, थांबा." कंट्रोल म्हणालं, "सात नंबर, तुमचं झालंय." मी पुन्हा बोलेपर्यंत तपासणीची गाडी सुटली होती.

भाऊजींनी पिवळा झेंडा हलवला. चालवणाऱ्याने ब्रेक लावला, पण आमच्या वळणावर पाणी होतं. त्याचा दोष नाही. तो आमच्याकडे चहाला येणारा माणूस आहे.

पुढचं भाऊजींच्या जबाबात आहे. मी चौकीतून बाहेर आले तेव्हा तीन त्रेचाळीस झाले होते.

इस्पितळाच्या व्हरांड्यात ट्रॅकच्या साहेबांनी मला एक कागद सहीसाठी दिला. मला वाचता येत नसेल असं समजून ते म्हणाले, "नेहमीचाच कागद आहे, बाई." मी वाचला. त्यात लिहिलं होतं की मयत हे परवानगी न घेता ट्रॅकवर गेले. मी सही केली नाही. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, सही करू नका, पण मोकळं म्हटल्याचंही बोलू नका. दादा गेला. आता तुम्हालाही तुरुंगात पाठवू?" मी म्हटलं, "मी गप्प राहिले तर सगळं त्यांच्यावर जाईल." ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

अठरा वर्षांत यांनी परवानगीशिवाय त्या ट्रॅकवर पाय ठेवलेला नाही. हे मला नोंदवायचं आहे. फौजदार साहेब, आपण दोनदा विचारलंत, माझं मोकळं म्हणणं लिहायचं का. लिहावं.

दुसऱ्या दिवशी म्हणजे आज सकाळी दहाला अंत्यविधी झाला. भाऊजींना मी घरी पाठवलं आणि इथे येऊन बाकावर बसले.

जबाब वाचून दाखवायची गरज नाही असं मी सांगितलं आणि स्वतः वाचला. 'मोकळं म्हटलं' याच्या आधी हवालदारांनी 'चुकून' असा शब्द आपल्या मनाने घातला होता, तो खोडायला लावला. हे कुंपणाबाहेर होते, ते मला दिसत होतं. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.