तवा मागे राहिला

जन्म माझा जसोंडीचा, मामाच्या घरचा, पण वाढलो बहादरपुरात, केळीच्या बागेत, आणि हाताला वळण लागलं ते तिथलंच, म्हणजे घड कापला, खांद्यावर घेतला की वजन सांगायचं, मागून काटाही तेच दाखवायचा, व्यापारी म्हणायचे दादांनी सांगितलं ना, मग झालं. हे आधी सांगतो कारण पुढचं सगळं ह्याच हातानं केलं. मी बोलणारा माणूस नाही, मंगला, आमची मंडळी, म्हणते की तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कोरड्या बोअरमधून पाणी काढायचं, पण आज विचारताय तर ऐका.

रूपाली आमची एकुलती एक. इंदूरला शिकली, तिथली हिंदी तोंडात बसली, मग जर्मनीत नंबर लागला, फळं-भाज्या जास्त दिवस टिकवायचं कायतरी शिक्षण आहे. मी गल्लीत मावा जिलेबी वाटली, खूश होतो, खोटं नाही सांगत. पण निघायच्या दिवशी मंगलानं तिच्या बॅगेत तवा ठेवला, लोखंडी, माझ्या आईचा, आणि मला कसंसंच झालं. आमच्या घरात पद्धत अशी, की भाऊ वेगळा निघाला की आई त्याच्या हातात तवा देते. माझ्या धाकट्याला दिला तेव्हा आईनं पदर डोळ्याला लावला आणि ती आत गेली. तर काय सांगू तुम्हाला, कपडे-पुस्तकं घेऊन पोरगी शिकायला जाते, ती परत येते, पण तवा घेऊन गेली म्हणजे तिथं घर मांडणार, असं माझ्या डोक्यात बसलं. मी बॅग उचलली, हलकी होती, अजून बरंच मावलं असतं, आणि म्हटलं, विमानाला जास्त भरतेय, तवा काढा. कुणी काटा मागितला नाही. दादांनी सांगितलं ना. तिला मुंबईला सोडून आलो तरी मंगला म्हणतच होती, माझंच चुकलं हो, मीच लोणची जास्त कोंबली, आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो.

पोचली ती रविवारी. आमची इथली जेवणं उरकली होती, तिची सकाळ होती. व्हिडिओ लावला तर खोली दाखवते, हा पलंग, ही खिडकी, पप्पा देखो, खाली सायकली किती, आणि गादीवर चादर नाही, कारण तिथं रविवारी दुकानं बंद, सगळी, भाजीचंसुद्धा. मंगला घाबरली, मग खाशील काय गं? म्हणे, मम्मी, टेंशन नको, ज्वारीचं पीठ आहे ना. फोन ठेवला. आणि खरं सांगतो, मनात म्हटलं, आता कळेल, आता रडेल, म्हणेल पप्पा मला घेऊन जा. बाप असून असं वाटलं. बागेत गेलो, पाणी सोडलं आणि पाटाकडे बघत बसलो.

दिवस मावळायच्या आत तिचा परत फोन. शेजारच्या खोलीतल्या पोरीनं, कोलंबियाची आहे, त्यांच्याकडेही केळीच पिकते म्हणे, तिनं आपला फ्रायपॅन दिला, आणि आमच्या रूपालीनं त्यावर भाकरी टाकली होती. जाळ नाही, तिथली शेगडी म्हणजे नुसती तापणारी काच, भाकरी फुगली नाही, कडा करपल्या, मध्ये कच्ची. दोघी शेंगदाण्याच्या चटणीला लावून खातायत आणि हसतायत. रूपाली म्हणाली, मम्मी, हिला आवडली, बिचारीनं चांगली खाल्लीच नाही ना कधी. मंगला हसता हसता रडायला लागली, माझ्यामुळे गं तवा राहिला, आणि तिथं माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, तुझ्यामुळे नाही. बॅगेत जागा होती. मीच खोटं बोललो.

मंगलानं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. म्हणे, चार दिवस मी स्वतःला दोष देत फिरले आणि तुम्ही चहा पीत होते? आणि फोनवर पोरगी काय म्हणते, अहो पप्पा, मला मुंबईलाच कळलं, काट्यावर बॅग ठेवली तेव्हा. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तुमचा हात कधी चुकत नाही, मग समजून गेले, पप्पांना मला सोडवत नाहीये. हे हिंदीत म्हणाली की मराठीत, आता आठवत नाही. मी फोन मंगलाकडे दिला आणि उठून ओट्यावर गेलो.

आता बरी रुळली आहे, भाजीवाली कुठं बसते, बस कुठं मिळते, सगळं सांगते. लोधीपुऱ्यातली एक मुलगी पुढच्या महिन्यात तिकडेच जातेय, तिच्यासोबत तवा पाठवतोय. केळीच्या वाळल्या पानात बांधला, घड बांधतो तसा. मंगलानं मला हातानं तोलू दिला नाही, आधी काट्यावर ठेवा म्हणाली, तिच्यासमोर ठेवला. असू द्या, तिचा हक्क आहे. पोरीनं तिथं खुशाल घर मांडावं, भाकरी फुगावी, एवढंच म्हणतो.