बिनपडद्याची गिटार

हसायला येईल तुम्हाला, पण मी अजून हसलेलो नाय. विलास आमच्या वरसे गावच्या बँडात बेस गिटार वाजवतो, म्हणजे वाजवायचा. त्यानं दांडीवरचे सगळे पडदे, त्या आडव्या पितळी पट्ट्या, पकडीनं उपटून टाकलेले. त्याचे बाबा भजनात पेटी वाजवणारे. ते चक्रावलेच.

"अरे, पडदेच नाय तर बोट कुठं ठेवायचं ते कळतं कसं?"

"कान सांगतो, बाबा."

मग तो कामाला होता त्या कंपनीत वाफेचा पाईप फुटला. विलास शेजारीच उभा होता. अंगावर साधा ओरखडा नाय, म्हणून आम्ही खूश. "कानात जरा शिट्टी वाजते," एवढंच तो म्हणाला.

त्याच आठवड्यात गडब गावात एका लग्नाच्या हळदीला आम्हाला वाजवायचं होतं. पहिल्याच गाण्याला त्याचा सूर खाली घसरला. मी कीबोर्डवरून हातानं खुणावलं, वर घे, वर! त्यानं आवाज वाढवला. नाचणाऱ्या बायका थांबल्या, आणि हा डोळे मिटून तल्लीन.

दुसऱ्या दिवशी त्याला पेणला कानाच्या डॉक्टरकडे नेला. बाबाही आले. तपासून झाल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "पडदे गेलेत याचे. आतली नसपण."

बाबा घाईघाईनं म्हणाले, "ते त्यानं स्वतःच काढलेत, साहेब. त्याचं काय अडत नाय. कान लय चांगला हाय त्याचा."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. विलासनं बाबांचे हलणारे ओठ बघितले आणि हसून मान डोलावली. "व्हय."